हौदावरची घड्याळबाई

मी एक जुनी गाढवीण आहे. माझी ओळख पुढे होईलच, पण मित्रांनो, आधी मला थोरल्याच्या वागण्याबद्दल बोलू द्या, कारण ते पोटात ठेवलं तर मला गवत पचायचं नाही. थोरला म्हणजे माझ्या धन्याचा मोठा मुलगा. रांगत होता तेव्हापासून मी त्याला पाठीवर वागवला. एका बाजूच्या टोपलीत तो, आणि तोल राहावा म्हणून दुसऱ्या बाजूच्या टोपलीत दगड. दोघांत दगडच शहाणा होता, असं आता वाटतं. या पोरानं मोठं होऊन स्वतःच्या आईबापांची एक गोष्ट जगाला वाटून टाकली. ती गोष्ट अशी की पेटीत कुलूप लावून ठेवता येत नाही, आणि एकदा वाटली की परत मागता येत नाही. कुठली ते सांगते, पण माझ्या चालीनं सांगणार. गाढविणीला घाई केली की ती जागीच थांबते, हे तुम्हाला माहीत असेलच.

आमच्या गावाच्या डोक्यावर एक टेकडी आहे आणि टेकडीवर फार जुन्या नगराचे अवशेष आहेत. मोडके खांब, छप्पर उडालेल्या खोल्या, कोरडे पडलेले पाण्याचे पाट, आणि मधोमध दगडी पायऱ्यांचं एक खोलगट गोल मैदान. पूर्वी तिथं लोक बसून खेळ बघायचे म्हणतात. शिकलेली माणसं त्याला काहीतरी लांबलचक नाव देतात. आम्ही त्याला वाडगा म्हणतो, कारण ते वाडग्यासारखं दिसतं. एवढं सरळ असताना जीभ कशाला शिणवायची?

त्या अवशेषांच्या डागडुजीसाठी माझी आई वाळू आणि चुना वाहायची. माझा जन्म चुन्याच्या गोदामामागच्या पत्र्याच्या आडोशाला झाला. आई मला म्हणायची, "त्या भिंतींत आपल्या पाठीवरून गेलेला चुना आहे. तिथं जाताना मान खाली घालायची नाही." मी कधीच घातली नाही. शाळेत ज्याला धडा येत नाही त्याला गाढव म्हणतात, हे मी ऐकून आहे. म्हणोत बापडे. मी शाळेची पायरी चढले नाही हे खरंच आहे. पण टेकडीची एकही पायरी मी कधी चुकले नाही, आणि पाठीवर बसलेलं माणूस कधी पाडलं नाही.

माझ्या धन्याला सगळे आबा म्हणतात. आबांनी मला वाट शिकवली ती काठीनं नाही. ते रिकाम्या हातांनी पुढे चालायचे आणि मागे वळून बघायचेसुद्धा नाहीत. एवढा विश्वास टाकला की कोण वाट चुकेल? मी त्यांच्या मागून गेले आणि मग आयुष्यभर गेले. त्यांनी माझ्यासाठी खोगीर शिवलं, त्याला आतून जुन्या गोधडीचं मऊ अस्तर लावलं. ज्यांना चढ झेपत नाही अशा माणसांना वर नेणं हे आमचं काम. गुडघेदुखीवाले, पोटुशी बायका, काठी टेकणारे आजोबा, आणि काही धडधाकट आळशीही. एकदा एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं होतं. बायको माझ्या पाठीवर, नवरा पायी, आणि दोघांचं कडाकडा भांडण. वर पोहोचेपर्यंत तो माझ्या पाठीवर होता आणि ती पायी चालत होती. भांडण तेवढं तसंच राहिलं होतं.

माझीही पोरं झाली. सगळी चांगल्या घरी कामाला लागली. थोरल्याला मी त्यांच्यातलाच एक धरला होता, म्हणून तर जास्त लागतं.

आता गर्दीचं सांगते. जुन्या जागा बघायला येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की आपण एकटेच असावं. फाटक उघडताना वर कोणी नसेल, असं ज्याला त्याला वाटतं, म्हणून फाटक उघडताना सगळेच तिथं असतात, एकमेकांवर डोळे वटारत. मग बसगाड्या येतात. बसमधून उतरलेली माणसं झेंडा धरलेल्या वाटाड्याच्या मागे कळपानं फिरतात, आणि वर आम्हालाच जनावरं म्हणतात. संध्याकाळी सूर्य बुडताना फोटो छान येतो, असं कोणीतरी कधीतरी सांगून ठेवलं आहे. तेव्हा संध्याकाळी पुन्हा तोबा गर्दी.

पण मध्ये एक वेळ येते. दुपारचं ऊन थोडं कलतं. सकाळच्या बसमधली माणसं खाली जेवून पेंगत असतात आणि संध्याकाळवाले अजून वाटेत असतात. टोप्या विकणारे आपल्या मालावर फडकं टाकून सावलीला आडवे होतात. फाटकवाली पाय पसरते. त्या वेळी वर एवढं शांत असतं की चिमणीच्या पंखांचा आवाजसुद्धा येतो. ही वेळ घड्याळात सापडत नाही. थंडीत ती लवकर येते, उन्हाळ्यात उशिरा, आभाळ आलं तर लांबते, आणि शाळांना सुट्टी असली तर चिमूटभरच मिळते.

ती आम्हाला कशी कळायची? माझ्या तहानेवरून. फाटकाच्या आत दगडी हौद आहे. पण कोणी टक लावून बघत असताना मी पाणी पीत नाही. तुम्हीही प्यायला नसता. म्हणून आबा माझं दावं सैल सोडायचे आणि पाहुण्यांना घेऊन झाडाखाली बसून राहायचे. मी कान फिरवत उभी राहायची. वरचा शेवटचा गलका उतरून गेला, की मी आपल्या पायानं हौदापाशी जायची आणि तोंड लावायची. मग आबा गुडघ्यावर हात टेकून उठायचे. "बाई हौदाला लागली. चला."

दुसरे गाढववाले, गाड्यांचे चालक, सगळे विचारायचे, "आबा, नेमकं कधी जावं?" आबा हसून सोडून द्यायचे. त्यांचं म्हणणं होतं की वेळ सांगायची नाही, माणसाला घेऊन जायचं. सांगितलेली वेळ शिळी होते. ते पाहुण्यांना वर नेऊन बसवायचे आणि स्वतः गप्प राहायचे. खाली येताना पाहुणे हळू आवाजात बोलायचे. चढताना भांडणारं ते जोडपंसुद्धा उतरताना एकमेकांना धरून उतरलं.

अशी वर्षं चांगली गेली. मग घरात एक मोठं दुखणं आलं.

आबांच्या बायकोला सगळे आई म्हणतात, मीही म्हणते. आईचे कान आधीच कमी झाले होते. आधी चिमण्या गेल्या, मग दाराची कडी, मग माणसं. कानात घालायचं यंत्र आणलं, तर ती म्हणाली, "यात मला फक्त माझं चावणं ऐकू येतं." यंत्र डबीत गेलं. तेवढं निभत होतं, कारण आबांचा आवाज दणदणीत होता. मग आबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज मात्र गेला. उरली ती नुसती कुजबुज, सुकलेल्या पानावर पाय पडावा तशी.

आता बघा, मित्रांनो. एकाला मोठ्यानं बोलता येत नाही, दुसरीला हळू बोललेलं ऐकू येत नाही. दोघांनाही लिहिता-वाचता येत नाही. ताट वाढणं, दार लावणं हे हातवाऱ्यांनी चालतं. पण जन्मभराचं नवराबायकोपण हातवाऱ्यांनी चालतं का? घरात काय ते पालीचं चुकचुकणं राहिलं.

थोरला म्हणाला, "आबा, मला सांगा, मी आईला ओरडून सांगतो." करून बघितलं. आबा त्याच्या कानाशी लागून कितीतरी वेळ कुजबुजले. मध्येच हसले, मध्येच डोळे पुसले. थोरल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आईकडे वळून ओरडला, "बरं आहे म्हणतायत!"

आई म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच!"

आबांनी कपाळावर हात मारला. मी खिडकीबाहेरच बांधलेली असते, मी सगळं पाहिलं.

मग आबांना वाडगा आठवला. तिथं सगळ्यांत वरच्या पायरीच्या पाठीला दगडात एक पोकळी आहे. ती मुद्दाम केली की आपोआप झाली, कोणास ठाऊक. तिथं कान टेकला की खाली मधोमध उभ्या माणसाची कुजबुज कानात ओतल्यासारखी येते. पण एकच अट आहे. वाडग्यात दुसरं कोणीही असता कामा नये. एखाद्यानं पिशवीचा कागद चुरगळला तरी त्याचाच आवाज येतो.

आबांनी आईला माझ्या पाठीवर बसवलं. मी हौदाला लागले आणि आम्ही वर गेलो. आईला वरच्या पायरीवर बसवून आबा एकेक पायरी उतरत तळाशी गेले. थोरला माझं दावं धरून शेजारीच उभा होता. हे लक्षात ठेवा. तो उभा होता.

खालून आबांची कुजबुज आली, "तुझे गुडघे कसे आहेत?"

आईचं तोंड उघडं राहिलं. मग ती वरून ओरडली, कारण तिला वाटतं सगळेच तिच्यासारखे बहिरे आहेत, "गुडघे जागेवर आहेत! नळ गळतोय त्याचं काय?"

"उद्या करतो."

"उद्या-उद्या करत माझे केस पांढरे झाले!"

"तरी छान दिसतेस."

"काय म्हणालात?"

तिला स्वच्छ ऐकू आलं होतं. मला ठाऊक आहे. तिला दुसऱ्यांदा ऐकायचं होतं.

त्यानंतर ते नेमानं जाऊ लागले. मला आधी वाटायचं की एवढी उठाठेव करून जातात तर काहीतरी भारी बोलतील. कशाचं काय! नळ, डाळीतले खडे, शेजारणीची जाऊबाई, बालपणी मेलेलं एक कुत्रं. पण उतरताना आईचा हात माझ्या मानेवर असायचा आणि तो हलका लागायचा. त्या शांत वेळेत त्यांचं घर होतं, मित्रांनो. खाली होत्या त्या नुसत्या खोल्या.

आणि थोरल्यानं त्याच वेळेचा पत्ता गावभर केला.

तो तेव्हा लोकांना जुन्या जागा दाखवण्याचं काम करू लागला होता. बोलायला गोड, दिसायला नीटनेटका. फोनमध्ये स्वतःचे आणि जागेचे व्हिडिओ टाकायचा. एक दिवस मी हौदाला लागलेली असताना तो समोर फोन धरून उभा राहिला. मी त्याला घरचा समजून पीत राहिले. परक्यासमोर मी तोंड लावलं नसतं. त्यानं काय सांगावं? "मंडळी, गर्दी टाळायची आहे? मग घड्याळ बघू नका, या म्हातारीला बघा. ही पाणी प्यायला लागली की समजायचं, वर चिटपाखरू नाही. आमची घड्याळबाई!"

तो व्हिडिओ वणव्यासारखा पसरला. पहिल्यांदा थोडी माणसं आली. मला गाजरं मिळाली, मानेला रिबीन बांधली गेली, एका बाईनं तर माझ्या तोंडाचा मुका घेतला. खोटं कशाला बोलू, गाजरं गोड होती. "काय डोळे आहेत हिचे!" असंही कोणी म्हणालं. आता ते आहेतच. पण मग लोंढे येऊ लागले. पूर्वी जे पहाटे फाटकाशी उभे राहायचे ते, आणि जे संध्याकाळी यायचे तेही, सगळे दुपारीच येऊन माझ्या तोंडाकडे बघत बसू लागले. शांत वेळ कधी असते हे सगळ्यांना कळलं आणि ती वेळ संपली. उलट आता पहाटे फाटकावर कुत्रं नसायचं. म्हणाल, मग आबा-आईनं पहाटे जावं. पण पहाटे आईचे गुडघे खाटेवरूनच उतरत नाहीत, आणि आबांची कुजबुजसुद्धा दुपार कलल्याशिवाय मोकळी होत नाही.

तरी एकदा ते गेले. वर माणसांची जत्रा होती. आईनं कान टेकला. खाली आबांचे ओठ हलले. आई मोठ्यानं म्हणाली, "काय? ऐकू येत नाही! पुन्हा बोला!" आबा पुन्हा बोलले. "अहो, मोठ्यानं बोला की!" आजूबाजूचे हसले. एकानं फोन वर धरला. आईच्या लक्षात आलं. तिनं पदर सावरावा तसा चेहरा सावरला आणि मला हातानं खूण केली. खाली जाऊ. त्या दिवशी तिचा हात माझ्या मानेवर दगडासारखा होता.

घरी आल्यावर तिनं थोरल्याला समोर उभा केला.

"तुला माहीत होतं ना रे?"

"आई, लोकांना किती आवडतंय! गावाचं नाव होतंय!" तो ओरडून बोलला, तिला ऐकू जावं म्हणून. ओरडून बोललं की खोटं जरा जास्तच खोटं वाटतं.

"तुला माहीत होतं ना, एवढंच विचारते."

"माहीत होतं गं! पण तुम्ही रोज थोडेच जाता?"

आबा कोपऱ्यात बसून माझ्या खोगिराचं उसवलेलं अस्तर शिवत होते, ते खाली मान घालून शिवतच राहिले. बाहेरच्या माणसानं लुटलं तर आरडाओरडा करता येतो. घरच्यानं लुटलं तर ओरडणार कोणाच्या नावानं?

मित्रांनो, तुम्हाला कोणी विश्वासानं एखादी शांत जागा दाखवली, एखादी मोकळी वेळ सांगितली, तर एवढंच करा. तिथं जा, बसा, आणि परत येताना जीभ घरीच ठेवा. दाखवायचीच असेल तर एकाला हात धरून घेऊन जा. ढोल पिटलात तर तुम्हालाही ती मिळणार नाही आणि ज्याची होती त्यालाही नाही.

पुढं दोन गोष्टी एकदमच झाल्या. डॉक्टरांनी आबांना पुन्हा बोलावलं. घसा परत कापावा लागणार होता, आणि या खेपेला कुजबुजही जाईल, असं त्यांनी सांगितलं. आणि फाटकावर पाटी लागली. फाटकवालीनं ती आबांना वाचून दाखवली. जनावरांना परवापासून आत मनाई. कारण, गर्दी.

"घ्या!" फाटकवाली म्हणाली. "गर्दी केली माणसांनी आणि बंदी गाढवाला."

माझ्याशिवाय आई वर जाऊ शकत नव्हती. आणि ऑपरेशननंतर वर जाऊन उपयोग नव्हता. म्हणजे आबांचा आवाज आईच्या कानात पडायला एकच दुपार उरली होती, आणि तीही रिकामी मिळाली तर.

आबांनी थोरल्याला हात जोडले. खरंच जोडले. बापानं मुलाला. कुजबुजत म्हणाले, "उद्या कोणाला बोलावू नकोस."

थोरला म्हणाला, "नाही बोलावत, आबा." आणि रात्रीच्या आत त्यानं फोनवर टाकलं, घड्याळबाईचा टेकडीवरचा शेवटचा दिवस, चुकवू नका. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. आमच्या हरीनं चुकीच्या गाढवाचे पाय धरले.

दुसऱ्या दिवशी आबा नेहमीसारखे पुढे चालले, रिकाम्या हातांनी, मागे न बघता. आईनं ठेवणीतले कपडे घातले होते. फाटकाच्या आत पाय टाकला तर मुंगीला शिरायला जागा नाही. हौदाभोवती कडं केलेलं. खांबांवर चढलेले. वाडग्याच्या पायऱ्यांवर खचाखच बसलेले. आबा क्षणभर थांबले. मग मला आणि माझ्या पाठीवरच्या आईला घेऊन गर्दीतून वाट काढत वरच्या पायरीशी गेले, तिला पोकळीशी बसवलं, आणि एकेक पायरी उतरू लागले. माणसांचे पाय ओलांडत. "ओ काका, फोटोत येताय," असं कोणीतरी म्हणालं. आबा तळाशी जाऊन उभे राहिले आणि वाट बघू लागले. कसली, ते तेही सांगू शकले नसते.

मी एकटीच परत हौदापाशी आले. चढ चढून घसा कोरडा पडला होता. पाणी गार होतं, वरून पान तरंगत होतं. सगळ्यांचे फोन माझ्या तोंडावर.

थोरला पुढं होऊन ओरडत होता, "थांबा, थांबा! आता पिणार! ती प्यायली की शांतता पाळायची!" शांतता पाळायची, म्हणे. कोंबडी पाळतात तशी.

मी पाण्याकडे पाहिलं. वर आईकडे पाहिलं. कान टेकून डोळे मिटून बसली होती ती, त्या गोंगाटात. आणि मी तोंड फिरवलं.

हौदाच्या मागे तटाला एक खिंडार आहे. मी सरळ तिकडे चालू लागले, माझ्या रोजच्या चालीनं, मान वर. गर्दीत चुळबुळ झाली. "प्यायली का? नाही प्यायली! कुठं चालली ती?" मी थांबले नाही.

आणि मग थोरल्यानंच माझं काम केलं. लोक निघून जातील या भीतीनं तो उडी मारून माझ्यामागे आला आणि हात वर करून ओरडला, "चला, मागोमाग चला! हिला नवी जागा माहीत आहे! जिथं कोण्णी म्हणजे कोण्णी जात नाही!"

कोणी जात नाही म्हटल्यावर सगळे आले. चाळणीतून पीठ गळावं तसा वाडगा रिकामा झाला. खांबांवरचे उतरले, पायऱ्यांवरचे उठले, टोप्या विकणारेसुद्धा टोप्या उचलून निघाले. फाटकवाली तेवढी जागेवर राहिली. मी तिच्या जवळून गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "जा बाई, लांब ने त्यांना." बायकांना बायकांचं कळतं.

मी त्यांना टेकडीच्या मागच्या घळीत नेलं. वाट निसरडी होती. कोणाची चप्पल तुटली, कोणाचा चष्मा पडला, तरी सगळे दबक्या आवाजात खूश होते. "बघ, आपल्यालाच हे सापडलं," एकजण बायकोला म्हणाला.

घळीच्या तळाशी टेकडीवरचा सगळा कचरा टाकतात. पाण्याच्या बाटल्या, खाऊची पाकिटं, माझ्या मानेच्या जुन्या रिबिनी. ढीगच्या ढीग. मी त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. सगळे घोळक्यानं पोहोचले आणि गप्प झाले. त्या दिवसातली ती त्यांची पहिली शांतता.

एक बाई नाकाला रुमाल लावून म्हणाली, "इथं खरंच कोणी येत नाही."

तिची सासू असावी, ती म्हणाली, "कसं येईल? आपण सगळे वर असतो ना, हे करायला."

काहीजण हसले. काहीजण चिडले. बरेचजण बाटल्यांकडे बघत उभे राहिले. मी मात्र वर बघत होते. तिथून वाडग्याची वरची कड दिसते. कडेवर एकटी आई, लहानशी, दगडाला डोकं टेकलेली. मी बघत राहिले. मग तिचं बोट वर आलं आणि हलू लागलं. नळ! किंवा खडे! ती त्यांना रागावत होती. माझा जीव भांड्यात पडला. थोड्या वेळानं बोट थांबलं. हात हळूच खाली आला आणि दगडावर पालथा पडून राहिला, कोणाच्या तरी हातावर ठेवावा तसा. मग कितीतरी वेळ ती हललीच नाही. नुसती ऐकत होती.

ते काय बोलले, ते मला माहीत नाही. त्यांचं सगळं बोलणं माझ्यासमोर झालं होतं, एवढं शेवटचं सोडून. पोरानं गर्दी आणली नसती तर मी तिथंच शेजारी उभी असते. हे मी त्याला माफ केलेलं नाही.

थोरला धापा टाकत पुढं आला. चपला चिखलानं भरलेल्या, तोंड लाल. "म्हातारे, काय केलंस हे? एवढ्या लोकांत माझं नाक कापलंस! मी काय वाईट केलं होतं तुझं?"

मी मान वर केली आणि सगळ्यांदेखत तोंड भरून बोलले. बाकीच्यांना ते गाढवाचं ओरडणं वाटलं असेल. थोरला टोपलीत असल्यापासून माझी भाषा ऐकत आला आहे. त्याचा फोन धरलेला हात खाली आला.

"थोरल्या, तुझ्या बापाकडे एवढासाच आवाज उरला होता आणि तुझ्या आईला तो एकाच जागी ऐकू येत होता, हे जगात तुझ्याइतकं कोणालाही माहीत नव्हतं. तरी तू माणसं बोलावलीस, बापानं हात जोडल्यावरही बोलावलीस. गर्दी कशी टाळायची ते साऱ्यांना शिकवत फिरतोस ना? मग ऐक. त्या दोघांच्या आयुष्यातली गर्दी तू आहेस. आता त्यांचं बोलून होईपर्यंत इथंच उभा राहा, आणि तोंड बंद ठेव."